आशाताई आणि सात नंबरची कुर्ली

मी चिडका माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मला कुणी उगाच भला समजणार नाही. चौतीस वर्षं कारखान्यांत तपासनीस म्हणून काढली. दुसऱ्याच्या कामातली खोट शोधायची आणि त्याचा पगार घ्यायचा, असला धंदा. रिटायर होऊन सिल्व्हर पार्कच्या घरात बसलो, तर तीन महिन्यांत बायको नीलिमा म्हणाली, "तुम्ही आता आमटीतल्या मिठावरही शेरा मारायला लागलात. कुठेतरी नोकरी बघा." असा मी भाईंदर पूर्वेच्या त्या गाळ्यात जाऊन पडलो, आणि तिथे मला आशाताई मांडवकर भेटल्या.

गाळा दुसऱ्या मजल्यावर. खाली स्टीलच्या टोपांना पॉलिश करणारे, शेजारी पुठ्ठ्याची खोकी बनवणारे. जिन्यावर काळी धूळ, भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्या. आणि आमचं दार उघडलं की आत दुसरं दार, चिकट पायपुसणं, पांढरे कोट, टोप्या, मास्क. पहिल्या दिवशी मला वाटलं कुणीतरी आपली चेष्टा करतंय. पुण्याची एक कंपनी अंतराळयानांची दुरुस्ती करणारे रोबो बनवते आणि त्यांची बोटं इथे, या धुळीच्या छातीवर बसून जोडली जातात, हे खरं मानायला मला आठवडा लागला.

रोबोचं कंपनीने ठेवलेलं नाव मेंडर. ताटाएवढं चपटं अंग, सहा पाय, प्रत्येक पायाच्या टोकाला एक बोट. यान वर गेलं की त्याच्या अंगाला चिकटून राहायचं. कुठे भोक पडलं, वायर सुटली, स्क्रू ढिला झाला, की सरपटत तिथे जायचं आणि नीट करायचं. आशाताईंनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्या म्हणाल्या, "अगो बाय, ही तर कुर्ली!" त्यांच्या रत्नागिरीकडे खेकडीला कुर्ली म्हणतात. त्या दिवसापासून गाळ्यात मेंडर हा शब्द फक्त कागदावर राहिला. आमच्या इन्चार्ज रसिका मॅडम, अठ्ठावीस वर्षांच्या, इंजिनिअर, बोलायला कडक, त्याही एकदा पुण्याच्या साहेबांसमोर "चार नंबरची कुर्ली" म्हणून गेल्या होत्या.

बोटाच्या टोकात सगळी गंमत होती. तिथे मोहरीच्या चतकोराएवढा पोलादी गोळा आणि त्याच्याखाली सोन्याचा पापुद्रा. बोट कशाला टेकलं की गोळा दबायचा, पापुद्र्याला लागायचा, आणि कुर्लीला कळायचं की आपण काहीतरी धरलंय. सोडलं की गोळा पुन्हा वर. तो खाली अडकला तर मात्र कुर्लीला वाटत राहणार की आपण यानाला धरून आहोत, आणि धरलेलं काहीच नसणार. मग ती सुटून त्याच यानावर आपटली, तर दुरुस्ती राहिली बाजूला.

हा गोळा बसवणं म्हणजे महाकटकट. कंपनीने हवा ओढणारं पेन दिलं होतं. गोळा त्याच्या टोकाला चिकटवायचा, कुर्लीच्या बोटातल्या वाटीवर न्यायचा, सोडायचा. तो हमखास भलतीकडे उडायचा, नाहीतर पेनाचं टोक पापुद्र्याला घासायचं. टेबलावरच्या मुलींचे दिवसाला दहा-बारा गोळे बसायचे, त्यातले निम्मे मी बाद करायचो. आशाताईंचे चाळीस बसायचे. बाद, एखाद-दुसरा.

त्यांचा हात इथे तयार झालाच नव्हता. एकवीस वर्षं त्यांनी घरी बसून इमिटेशन ज्वेलरीचे खडे चिकटवले होते. कुड्या, ठुशा, नथी. ट्रे घरी यायचा, खडे निवडायचे, डिंकाचा ठिपका द्यायचा, खडा ठेवायचा. भाईंदरमध्ये हे काम करणाऱ्या बायका गल्लीगल्लीत आहेत, पण आशाताईंच्या हातचा खडा वाकडा बसलेला कुणी पाहिला नाही. रसिका मॅडमनी त्यांना हेरलं ते तिथूनच. बावन्नाव्या वर्षी आशाताईंनी आयुष्यात प्रथमच नोकरी केली, आणि ती अंतराळयानाची. त्यांचे यजमान लवू खालच्याच पॉलिशच्या गाळ्यात कामाला. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमची बायको वरती असते. अजून वरती जाणाराय."

बाई टापटिपीची. पाण्याची बाटली तोंडाला लावणाऱ्या मुलींना चारचौघांत झापायची. "वरून प्या गं, सगळ्यांना उष्टं पाजताय." डबा खाऊन हात धुवायला इतका वेळ लावायची की मी घड्याळ बघायचो. माझ्याशी बोलताना मान अदबीने वाकलेली, पण काम बाद केलं की ती मान ताठ व्हायची. "सर, परत बघा ना. नंतर बाद करा." मी परत बघायचो, आणि तीनपैकी दोन वेळा चूक माझी निघायची. कबूल करायला जड जातं, पण मला ती बाई आवडायची. आपल्या कामाचा एवढा मान ठेवणारी माणसं मी चौतीस वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पाहिली.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो.

माझी खोली आणि त्यांची खोली यांच्यामध्ये काच. जुलैतली दुपार होती. मी सूक्ष्मदर्शकातून डोळे वर काढले आणि समोर बघितलं. आशाताईंनी मास्क हनुवटीवर ओढला, हातमोज्याचं टोक जिभेला लावलं, ओल्या टोकाने गोळा अलगद उचलला आणि वाटीत ठेवला. मास्क परत वर. सगळं मिळून चार सेकंद. खडे बसवणाऱ्या सगळ्या बायका असाच खडा उचलतात. चिमट्याने तो उडतो, ओल्या बोटाने उडत नाही. एकवीस वर्षांची ती सवय होती, आणि गोळा अगदी सुरेख बसला होता.

आमच्या नियमांच्या वहीत पहिल्याच पानावर लिहिलं आहे की कुर्लीच्या उघड्या बोटाच्या जवळ मास्क काढायचा नाही. घाम, थुंकी, केस, काही पडलं तर तो तुकडा बाद. मी उठून आत जायला हवं होतं. पण त्याच आठवड्यात पुण्याहून शाबासकीचं पत्र आलं होतं, की तपासणीत पास होणारी बोटं दुपटीने वाढली आहेत. त्या पत्रात माझं नाव होतं. मी स्वतःला समजावलं की थेंबभर तर ओल, सुकून जाईल. आशाताईंनी आपल्याला बघितलेलं नाही, असंही मी धरून चाललो. आणि डोळे परत सूक्ष्मदर्शकाला लावले. साध्या मराठीत, मी कानाडोळा केला.

नोव्हेंबरात पुण्याहून फोन आला.

दर कुर्लीला हवा काढून घेतलेल्या पेटीत दोन दिवस तापवतात आणि गारठवतात. तेवढ्यात आमची सगळी बोटं पास होत होती. नऊ नंबरला मात्र त्यांनी या वेळी मुद्दाम अठरा दिवस ठेवली. तेराव्या दिवशी तिचं तिसरं बोट अडकलं. उघडून पाहिलं तर गोळ्याखाली पांढरा डाग. प्रयोगशाळेने लिहून दिलं की हा थुंकीतला क्षार आहे.

रसिका मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि कागद पुढे केला. "सर, त्या बोटाच्या कार्डावर जोडणारीचं नाव स्वातीचं आहे."

स्वाती आशाताईंच्या शेजारच्या टेबलावर बसायची. रायगडकडची, चोवीस वर्षांची, लग्नाला वर्ष झालेलं आणि पाचवा महिना. तिला साफसफाईच्या स्पिरिटचा वास सहन होत नव्हता. दिवसातून दोनदा तोंड दाबून बाहेर पळायची. तिचे गोळे कमी पडू लागले तेव्हा आशाताई जेवणाच्या सुट्टीत गुपचूप तिचे बसवून द्यायच्या, म्हणजे पोरीचं काम जाऊ नये. हे गाळ्यात सगळ्यांना माहीत होतं, एका रसिका मॅडमना सोडून. नियमाप्रमाणे ज्याचं कार्ड त्यानेच बोट जोडायचं. तो नियमही मी तसाच सोडून दिला होता.

"तिला मळमळतं. मास्क खाली घेतला असणार, खोकली असणार," मॅडम म्हणाल्या. "मला वाईट वाटतं, सर. पण तिला काढावं लागेल. कंपनीला नाव द्यायचंय, सोमवारपर्यंत. तोपर्यंत कुणाला बोलू नका."

"आणि सात नंबर?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. सात नंबरची कुर्ली यानावर बसवून झाली होती. वीस दिवसांनी ते यान उडणार होतं, चार माणसांना घेऊन. तिची सहाही बोटं आशाताईंच्या कार्डावर होती.

"सातला काय होणार? ती तर आशाताईंची आहे," मॅडम म्हणाल्या. विषय संपला.

तो दिवस बुधवारचा. त्या क्षणी मी सांगितलं असतं तर बरंच काही वेगळं झालं असतं. मी मूग गिळून बसलो. गुरुवारी बसलो, शुक्रवारी बसलो. घरी नीलिमाने विचारलं, तब्येत बरी नाही का. मी तिच्यावर खेकसलो. डोक्यात सारखा हिशोब चालायचा, की मी बोललो तर पहिला प्रश्न येणार, जुलैत पाहिलंत तर नोव्हेंबरपर्यंत काय करत होतात? मला मनातून वाटत होतं की आशाताईंनीच बोलावं. त्या बोलल्या की आपण सुटलो. इतका भित्रा मी कधी नव्हतो, किंवा होतो आणि तशी वेळच आली नव्हती.

शनिवारी मॅडमनी स्वातीला आत बोलावून सांगितलं. पोरगी भांडली नाही, याचंच मला जास्त लागलं. ती म्हणाली, "माझ्याकडूनच झालं असेल, मॅडम. एकदा टेबलावर उमासा आला होता." आणि बाहेर येऊन ती आपला डबा, ओढणी, स्लीपर पिशवीत भरायला लागली.

आशाताईंनी विचारलं, "काय गं, कुठे निघालीस?"

"काढलं, मावशी. नऊ नंबरच्या बोटात माझी थुंकी सापडली."

आशाताई जागच्या जागी थांबल्या. कुठलं बोट, विचारलं. तिसरं, ती म्हणाली. आशाताईंनी मनाशी काहीतरी मोजलं. मी काचेतून बघत होतो. त्यांचा चेहरा असा उतरला, जसा घरात वाईट बातमी आल्यावर बाईमाणसाचा उतरतो. मग त्यांनी स्वातीच्या हातातली पिशवी काढून खुर्चीवर ठेवली. "बस इथे. हलू नको," एवढं म्हणून त्या सरळ केबिनकडे गेल्या. जाताना माझ्या दारात थांबल्या. "सर, तुम्ही पण या. तुम्ही तपासणारे."

केबिनमध्ये त्यांनी फार बोलणं केलं नाही. टेबलावर नमुन्याचं एक बोट पडलं होतं आणि डबीत गोळे होते. त्यांनी मास्क खाली ओढला, स्वतःचं बोट जिभेला लावलं, गोळा उचलला, वाटीत ठेवला.

"मी असं करते, मॅडम," त्या म्हणाल्या. "ते पेन माझ्या हातात बसत नाय. स्वातीचं ते तिसरं बोट मी केलेलं, ती बाहेर ओकत होती तेव्हा. तिला नका काढू."

रसिका मॅडम पांढऱ्या पडल्या. "किती बोटं केलीत अशी?"

"मोजली नाय. सात नंबरची तर सगळी माझी. उघडा ती. यानाबरोबर जाऊ देऊ नका तशी." आणि मग एकदम त्यांचा आवाज फुटला. "मी घरात कुणाला उष्टं भांडं देत नाय हो. हे उष्टं असं माझ्या मनातच नाय आलं. कामाचं बोट ते, जेवणाचं कुठे होतं?"

मॅडमनी कागद ओढला आणि चौकशीचे प्रश्न सुरू केले. कधीपासून? कुणी शिकवलं? मी भिंतीला टेकून उभा होतो.

"तुम्हाला असं करताना कुणी पाहिलं होतं का?"

आशाताईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "नाय," त्या म्हणाल्या. "कुणी नाय पाहिलं."

मॅडमनी ते लिहून घेतलं. मी पुढे होऊन "मी पाहिलं होतं" असं म्हणायला तीन शब्द पुरेसे होते. ते तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. उलट छातीवरून ओझं उतरल्यासारखं वाटलं. चला, तिला माहीत नाही. तिने आपल्याला पाहिलंच नव्हतं. ते हायसं वाटणं आठवलं की आजही माझी मलाच किळस येते.

सात नंबर यानावरून उतरवली. सहापैकी चार बोटांत पांढरा डाग निघाला. नवी कुर्ली वेळेत तयार होईना, तेव्हा ते यान कुर्लीशिवायच गेलं, आणि सुखरूप परत आलं. आमचं खरं बोलणं पुण्याच्या कंपनीला पटलं, काम आमच्याकडेच राहिलं. स्वाती राहिली. तिला स्पिरिट नसलेल्या टेबलावर बसवलं. आशाताईंना त्याच शनिवारी घरी पाठवलं. निघताना त्यांनी पांढरा कोट घडी घालून टेबलावर ठेवला आणि सगळ्या मुलींना "येते गं" म्हणाल्या.

मी त्यांच्या घरी गेलो ते दीड महिन्याने. रोज उद्या जाऊ म्हणत होतो. एका रविवारी सकाळी नीलिमाला भाजी आणायला जातो असं सांगून निघालो. स्टेशनजवळच्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर त्यांची खोली. आशाताई दारातच मांडी घालून बसल्या होत्या. पुढ्यात नथींचा ट्रे. बोट जिभेला, खडा, ठिपका. बोट जिभेला, खडा, ठिपका. मला बघून त्या गडबडीने उठल्या, पदर सारखा केला. "सर! या या. हे झोपलेत, रात्रपाळी होती. बसा, चहा टाकते."

शेजारची गुजराती बाई कपडे वाळत घालत होती. तिने तिथूनच हाक मारली, "आशाबेन, तमारो करचलो ऊड्यो के नहीं?" तिला वाटत होतं, कुर्ली अजून उडायची आहे.

"नहीं भाभी, टाइम है अभी," आशाताई म्हणाल्या आणि आत गेल्या. शेजाऱ्यांना त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं.

चहा झाला. मी स्वातीची खुशाली सांगितली, नवीन पेन आलंय ते सांगितलं. जे सांगायला आलो होतो ते मात्र टाळत होतो. शेवटी बळ करून म्हणालो, "आशाताई, एक बोलायचं होतं. जुलैमध्ये मी एकदा काचेतून..."

"माहितेय ना, सर," त्या म्हणाल्या. अगदी सहज. "तुम्ही बघितलं ते मी बघितलं होतं."

मी कप खाली ठेवला.

"तोपर्यंत मी दोन-तीन वेळाच केलं होतं. ते पेन फारच त्रास द्यायचं तेव्हा. घाबरत घाबरत. त्या दिवशी तुम्ही बघितलं. म्हटलं आता सर ओरडणार, आता आत येणार. तुम्ही मान खाली घातलीत. संध्याकाळपर्यंत मी वाट बघितली. तुम्ही कार्डावर सही केलीत, पास." त्यांनी ट्रेमधली एक नथ उचलली, उजेडात धरून खडा सरळ आहे का बघितला. "मग मला वाटलं चालतं. सर एवढे शिकलेले, एवढे कडक. चालत नसतं तर बोलले असते. तिथून मी सगळीच तशी करायला लागले."

मला बसवेना. मी काय म्हणालो ते मला नीट आठवत नाही. चुकलो असं म्हणालो, उद्याच रसिका मॅडमकडे जातो असं म्हणालो, सगळं सांगून टाकतो. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्याचाही राग येत होता.

आशाताई दारापर्यंत आल्या. मी चपला घालत होतो.

"नका सांगू, सर," त्या हळू आवाजात म्हणाल्या, आतले यजमान उठू नयेत म्हणून. "माझं काय, मला हे काम आहेच. तुमचं वय झालंय. तुम्हाला आता दुसरीकडे कोण घेणार?"

त्याला चार महिने झाले. मी अजून त्याच काचेमागे बसतो. मी सांगितलेलं नाही.